नाव पैठणचं, गाव पिंगुळी

पैठणच्या नावाने जगात दोन गोष्टी ओळखल्या जातात. पहिली आपल्या सोसायटीतल्या बहुतेक घरांत कपाटात, जुन्या मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली आहे आणि लग्नकार्याला बाहेर निघते. दुसरी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल, आणि तेही पैठण इथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असताना. ती आहे पैठण शैलीची चित्रं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ती आहेत, पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात आहेत. पैठणच्या आठवडी बाजारात कुणाला विचारलंत तर तो तुम्हाला साडीच्या दुकानाकडे बोट दाखवील.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला 'आपल्या भागाच्या इतिहासावर काहीतरी लिहा' असं सांगितलं. वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा, पाणचक्की यांवर पुष्कळ लिहून झालं आहे आणि माझ्यापेक्षा जाणत्या मंडळींनी लिहिलं आहे. म्हणून हा विषय घेतला. तो सुरू होतो आपल्या जिल्ह्यात आणि संपतो सिंधुदुर्गात. पण इतिहासाला जिल्ह्याच्या हद्दी कळत नाहीत, एवढी मोकळीक वाचकांनी द्यावी.

आधी ही चित्रं म्हणजे काय ते सांगतो. साधारण हातभर लांबीचा कागद. त्यावर रामायण-महाभारतातला एकेक प्रसंग रंगवलेला. माणसांचे चेहरे बाजूने काढलेले, डोळा मात्र समोरून पाहिल्यासारखा मोठा, टपोरा. रेघ ठसठशीत. युद्ध असेल तर बाणांची नुसती गर्दी, राक्षस असेल तर दात विचकलेला. आंध्र-कर्नाटकातल्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे चेहरे ओळखीचे वाटतील. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, म्हणजे एका पानाच्या दोन्ही बाजूंना चित्र. अशी तीस-चाळीस-पन्नास पानं मिळून एक कथा. त्या गठ्ठ्याला पोथी म्हणायचं. पोथी असली तरी तिच्यात वाचायला मजकूर नाही. मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडात. चित्र दाखवून कथा सांगणारा तो चित्रकथी.

ही कला फार जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यात चित्रकथीचा उल्लेख आहे. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचंच गाव. म्हणजे आपल्या मुलखातल्या दरबाराला नऊशे वर्षांपूर्वी हा माणूस ठाऊक होता. आज जी चित्रं संग्रहालयांत आहेत ती मात्र इतकी जुनी नाहीत. कागद आणि आपला पावसाळा यांचं फारसं जमत नाही. बहुतेक चित्रं एकोणिसाव्या शतकातली मानली जातात.

मग पैठणचं नाव कसं लागलं? तर संग्राहकांना ही चित्रं आधी पैठण परिसरात मिळाली म्हणून. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे, गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, पेटारे जमवत. त्यांच्या संग्रहात ही चित्रंही आली. जिथे सापडली त्या गावाचं नाव त्यांना चिकटलं, आणि एकदा पुस्तकात छापलं की नाव पक्कं होतं. पुढे अभ्यासकांच्या लक्षात आलं की नेमकी अशीच चित्रं, हीच बैठक, हाच डोळा, कोकणात कुडाळजवळ पिंगुळी नावाच्या गावी आहे. आणि तिथे ती काचेच्या कपाटात नाहीत. तिथले ठाकर लोक ती देवळात मांडून अजून कथा सांगतात.

पैठणीचंही थोडंफार असंच झालं आहे. नाव पैठणचं आणि बहुतेक माग येवल्याचे. पण पैठणीला निदान शासनाने पैठणमध्ये केंद्र काढून दिलं, माग परत आणून बसवले. चित्रांसाठी तसं काही झालं नाही. एका ठिकाणी नाव राहिलं आणि दुसऱ्या ठिकाणी कला राहिली, हे का झालं असावं, याचा विचार मी गेली चाळीस वर्षं अधूनमधून करत आलो आहे. त्याला कारण माझी नोकरी.

१९८४ साली माझी बदली कुडाळला झाली. बँकेत अधिकाऱ्याची बदली म्हणजे काय हे आपल्या सोसायटीतल्या बँकवाल्यांना सांगायला नको. आपल्याकडची एक बादली पाण्याची किंमत जाणणारा माणूस एकदम त्या पावसात जाऊन पडला. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. इथून पुणे, पुण्याहून कोल्हापूर, मग घाट उतरून एस.टी.ने कुडाळ. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तीनच वर्षं झाली होती, १ मे १९८१ ला तो रत्नागिरीतून वेगळा झाला. कचेऱ्या भाड्याच्या जागेत, फायली अजून रत्नागिरीला. पिंगुळी कुडाळपासून तीनेक किलोमीटर, मुंबई-गोवा रस्त्याला लागून. राऊळ महाराजांच्या मठामुळे गावाचं नाव सगळ्यांना माहीत. त्याच गावात गुढीपूर म्हणून वस्ती आहे, ती ठाकरांची.

शाखेतल्या शिपायाने मला एका रात्री जवळच्या गावच्या देवळात नेलं. नवरात्र नुकतंच होऊन गेलं होतं. आमच्याकडे कीर्तन-भारूड ऐकत मोठा झालेला मी, नाथांच्या मुलखातला, तेव्हा मला वाटलं त्यातलंच काही असेल. सभामंडपात तिघे जण बसले होते. एकाकडे वीणा, एकाकडे हुडूक, म्हणजे डमरूच्या जातीचं हातात मावणारं वाद्य, आणि एकाकडे टाळ. समोर पाटाच्या आधाराने पोथी उभी केलेली. पहिलं चित्र गणपतीचं, मग सरस्वतीचं, आणि मग कथा. गाणं, गद्य, पुन्हा गाणं. एक प्रसंग सांगून झाला की वरचं पान उचलून मागे. प्रेक्षक पंचवीस-तीस असतील, त्यात निम्मी पोरं. मंडपात एकच पिवळा बल्ब होता आणि चित्रातले बारकावे मागे बसलेल्यांना दिसणं शक्यच नव्हतं. कुणाची तक्रार नव्हती. चित्र पाहण्यासाठी कुणी आलंच नव्हतं, सगळे ऐकायला आले होते. रावणाचा दरबार रंगात आला तेव्हा सांगणाऱ्याने मधेच गावातल्या कुणाला तरी टोला हाणला. सगळा मंडप हसला, मी सोडून. मला तो माणूस माहीत नव्हता ना!

त्या हसण्यात मला पुढे बऱ्याच गोष्टींचं उत्तर सापडलं, असं आज वाटतं. कथा रामायणाची, पण सांगणाऱ्याला समोरचा प्रत्येक माणूस ठाऊक होता. तो दरवर्षी त्याच देवळात येत होता. त्याचा बाप तिथेच यायचा.

हा योगायोग नव्हता. ती एक व्यवस्था होती. सावंतवाडी संस्थानाने या ठाकर कलावंतांना आश्रय दिला, आणि कुठल्या कुटुंबाने कुठल्या गावच्या देवळात कला सादर करायची हे ठरून गेलेलं होतं. पावसाळा संपला, नवरात्र लागलं की ज्याने त्याने आपापल्या गावी जायचं, देवापुढे सेवा करायची. गावाने धान्य द्यायचं, नारळ द्यायचा, पुढेपुढे थोडेफार पैसे. कलावंताचा तो हक्क होता आणि त्याच्यावर ती जबाबदारीही होती. आला नाही तर गाव विचारणार. शिवाय या वस्तीत कला एक नाही. चित्रकथी आहे, कळसूत्री बाहुल्या आहेत, दिव्याच्या उजेडात पडद्यामागे नाचवायच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत, पांगुळबैल, राधानृत्य, गोंधळ, फुगड्या आहेत. अकरा कला असं तिथले लोक मोजून सांगतात. एकच कुटुंब दोन-तीन कला सांभाळतं. एका हंगामात एक चालली नाही तर दुसरी. शिवरायांच्या काळात आमचे पूर्वज कला दाखवत गावोगाव फिरून बातम्या काढायचे, असंही ते अभिमानाने सांगतात. त्याला कागद काय आहे ते इतिहासकारांनी पाहावं. मला इतकंच दिसतं की वस्तीतली पोरं ही गोष्ट ऐकत मोठी होतात.

आता इकडे या. चित्रकथी फक्त कोकणात नव्हते. घाटावरही होते, आपल्या भागातही असणार, नाहीतर चित्रं पैठणला सापडली नसती. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत 'चित्रकथी' हे नाव आजही आहे. दाखल्यासाठी तहसील कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या अर्जावर ते नाव असतं, पण त्याच्या घरात एकसुद्धा चित्र नसतं. इंग्रजी अमदानीतल्या जातींच्या नोंदींमध्ये यांचं वर्णन चित्रं दाखवून भिक्षा मागत फिरणारे असं केलेलं आहे. फिरणाऱ्या माणसाला श्रोते मिळतात, पण हक्काचं गाव मिळत नाही. दुष्काळ पडला, पटकीची साथ आली, गावात तमाशाचा फड आला, पुढे तंबूतला सिनेमा आला, की त्याच्या वाटच्या मुठीतले चार दाणे कमी होणार. आणि एखादा पुण्या-मुंबईचा माणूस दहा-वीस रुपये रोख देऊन पोथी मागत असेल, तर तो ती देणारच. त्याला दोष कसा द्यायचा? पोटापुढे पोथी मोठी नव्हे.

पैठण परिसरातल्या शेवटच्या चित्रकथ्याचं काय झालं याची नोंद माझ्या वाचनात नाही, म्हणून वरच्या परिच्छेदातला अखेरचा भाग हा माझा तर्क समजावा. पण पिंगुळीशी ताडून पाहिला तर तो मला पटतो.

पिंगुळीलाही सगळं सुखाचं होतं असं नाही. १९४८ साली सावंतवाडी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. राजाश्रय गेला. इथे मला आपल्या अजिंठ्याची आठवण होते. वॉल्टर स्पिंक नावाचे अमेरिकन विद्वान अनेक दशकं अजिंठ्याला येत असत, २०१९ मध्ये ते वारले. आपल्या शहरातल्या पर्यटन व्यवसायातल्या जुन्या मंडळींना ते चांगले ठाऊक होते. त्यांचं म्हणणं असं की अजिंठ्याचं दुसऱ्या टप्प्यातलं सगळं मोठं काम वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, जेमतेम वीस वर्षांत झालं, आणि हरिषेण गेल्यावर एकाएकी थांबलं. सगळ्या अभ्यासकांना हे मान्य नाही. पण अर्धवट लेणी तर आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. चोविसाव्या क्रमांकाचं लेणं पाहा, खांब कोरता कोरता छिन्नी खाली ठेवून माणसं निघून गेल्यासारखं वाटतं. सोळाव्या लेण्यात दान देणाऱ्या वराहदेव मंत्र्याचा शिलालेख आहे. रंगवणाऱ्यांचं नाव नाही. ते कुठून आले आणि काम थांबल्यावर कुठे गेले? जगातली इतकी मोठी कलावंत मंडळी या जिल्ह्यात नांदली, आणि भोवतालच्या गावांत तिचा मागमूस राहिला नाही. १८१९ साली इंग्रज शिकाऱ्याला लेणी 'सापडली' असं आपण शिकतो, ते याच कारणाने.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर अजिंठ्याचं सगळं खातं एका मोठ्या ठेवीदारावर होतं. त्याने रक्कम काढली आणि शाखा बंद. पिंगुळीचं तसं नव्हतं. राजाने व्यवस्था लावून दिली खरी, पण धान्य राजाच्या कोठारातून येत नव्हतं. ते पन्नास गावांच्या खळ्यांतून पायली-अधोलीने येत होतं. राजा गेला तरी देऊळ होतं, नवरात्र येतच होतं, आणि गाव विचारतच होतं, यंदा ठाकर कसे आले नाहीत? अशी छोटी छोटी हजार खाती असली की एखाददुसरं बंद पडल्याने काही होत नाही. आमच्या काळी शाखा तपासायला आलेले साहेब मोठी ठेव बघून खूश व्हायचे. मुरलेला मॅनेजर मात्र बचत खात्यांची संख्या बघायचा.

अर्थात ही छोटी खातीही हळूहळू आटत होतीच. मी तिथे होतो तेव्हा गावागावात टी.व्ही. नुकता पोचत होता. रविवारी सकाळी रामायण लागायला लागलं ते १९८७ मध्ये, मी कुडाळ सोडल्यावर. त्या मालिकेपुढे पिवळ्या बल्बखालच्या कागदी रावणाचं काय झालं असेल ते सांगायला नको. पोरं शिकली, मुंबईला गेली, काहींना गोव्यात हॉटेलांत काम मिळालं. त्यातच जात पडताळणीच्या फेऱ्यांत ठाकर समाजातली अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं अडकून पडली. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या एक कला जिवंत ठेवली, त्यानेच आपण कोण आहोत हे कागदावर सिद्ध करत बसायचं.

आणि आमच्याकडे, म्हणजे बँकांकडे, त्यांच्यासाठी काय होतं? तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना जोरात होती. दुर्बळ घटकांसाठी चार टक्क्यांची डी.आर.आय. कर्जंही होती. योजनेच्या यादीत दुभती गाय होती, शेळ्या होत्या, शिवणयंत्र होतं, सायकल दुरुस्ती होती. चित्रकथी नव्हता. 'व्यवसाय' या रकान्यात लोक 'शेतमजुरी' लिहीत, कारण खरं लिहिलं तर पुढच्या टेबलावरचा माणूस विचारणार, यातून उत्पन्न किती आणि हप्ता कुठून भरणार? प्रश्न कायद्याने बरोबर होता. पण सरकारी कागदावर ही माणसं कलावंत म्हणून अस्तित्वातच नव्हती हे खरं.

शेजारी सावंतवाडीत तेव्हा वेगळा प्रयत्न चालू होता. तिथल्या गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची कला जवळजवळ संपली होती. राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी ती राजवाड्यात कारागीर बसवून पुन्हा उभी केली. मी राजवाड्यात जाऊन पाहिली, मोठ्या कष्टाचं आणि मोठ्या मनाचं काम. पण ते होतं राजवाड्याच्या छताखाली. पिंगुळीला असं छत नव्हतं. तिथे जे झालं ते एका गोठ्यात.

परशुराम विश्राम गंगावणे हे गुढीपूरचे. चित्रकथी आणि बाहुल्या दोन्ही त्यांच्या घरात परंपरेने आलेल्या. पोथ्या विकल्या जात होत्या, बाहुल्या माळ्यावर पडून कुजत होत्या, अशा काळात त्यांनी त्या जमवल्या, सांभाळल्या. आणि २००६ साली घरच्या गाईंच्या गोठ्यात संग्रहालय थाटलं. नाव ठेवलं 'ठाकर आदिवासी कला आंगण'. जुन्या पोथ्या, लाकडी कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, वाद्यं, सगळं तिथे. गोठ्याच्या भिंती रंगवल्या त्याही याच शैलीत. पुढे त्यांचे चिरंजीव एकनाथ आणि चेतन हेही त्यात उतरले. (एकनाथ हे नाव वाचून माझ्यासारख्या पैठणच्या बाजूच्या माणसाला बरं वाटलं, हे कबूल करतो.) २०२१ साली भारत सरकारने परशुराम गंगावणे यांना पद्मश्री दिली. टी.व्ही.वर राष्ट्रपती भवनाचा तो समारंभ मी आमच्या हिला बोलावून दाखवला. कुडाळच्या बिऱ्हाडात तिनेही दोन पावसाळे काढले आहेत.

पुरस्काराचं कौतुक आहेच, पण मला जास्त मोलाचं वाटतं ते वेगळं. गंगावणे यांना ती चित्रं मुंबईच्या दालनात नेऊन विकता आली असती, तिकडेच राहता आलं असतं. कलाकार म्हणून नाव झालं की लोक तसंच करतात, आणि त्यात गैर काही नाही. आपल्या शहरातलंच पाहा. 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथली. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही मंडळी इथे घडली, मुंबईला गेली आणि 'चारचौघी'सारखं नाटक मराठीला दिलं. नाट्यवेड्या औरंगाबादकरांना त्याचा अभिमानच आहे. पण ती गेल्यावर इथल्या तालमींच्या खोल्या थोड्या शांत झाल्या, हेही खरं. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकून किती मुलं दरवर्षी मुंबईची गाडी पकडतात! नाटक गावाबाहेर नेता येतं. नटाला स्टेज कुठलंही चालतं. चित्रकथ्याचं तसं नाही. समोरच्या मंडपातला कुठला माणूस कंजूष आहे हे माहीत असल्याशिवाय रावणाचा दरबार रंगत नाही.

म्हणून पिंगुळीच्या मंडळींनी उलटं केलं. गावाबाहेर जाण्याऐवजी बाहेरच्यांना गावात आणलं. शाळांच्या सहली येतात, चित्रकलेचे विद्यार्थी येतात, परदेशी अभ्यासक तर पूर्वीपासून येत. व्हॅलेंटिना श्टाखे-रोझेन या जर्मन विदुषींचा पिंगुळीच्या चित्रांवरचा लेख ऐंशीच्या दशकात प्रसिद्ध झाला, तेव्हा आपल्याकडच्या किती चित्रकला शिक्षकांना हे नाव ठाऊक होतं कुणास ठाऊक. आता अंगणातच खेळ होतो. बाहुल्यांच्या खेळात रामायणाबरोबर व्यसनमुक्ती, स्वच्छता असे विषयही येतात. चित्रं कापडावर, साडीवर, भिंतीवर उतरली आहेत.

यावर जुन्या वळणाच्या लोकांचा एक आक्षेप असतो, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. ते म्हणतात, देवळात देवापुढे जी सेवा होती ती आता अंगणात पाहुण्यांपुढे प्रयोग झाली. रात्रभराची कथा अर्ध्या तासात. पाहुणा चित्राचा फोटो काढतो, कथा ऐकत नाही. म्हणजे माझ्या त्या १९८४ च्या रात्रीच्या अगदी उलट, तेव्हा चित्र दिसत नव्हतं आणि सगळे ऐकत होते. शिवाय साडीवर आलेली सीता ही कथेतली सीता राहते की नुसती नक्षी होते? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर इतकंच की देवळातली सेवाही पूर्ण थांबलेली नाही, आणि अंगणातला पाहुणा जे पैसे देतो त्यावर निदान एका पिढीला गाव न सोडता जगता येतं. पैठणच्या चित्रकथ्याला असा पाहुणा मिळाला नाही. त्याला गिऱ्हाईक मिळालं. पाहुणा पाहून जातो, गिऱ्हाईक घेऊन जातं.

काळजी मात्र आहे. सगळी वस्ती या कलेवर जगते असं चित्र कुणी डोळ्यांपुढे आणू नये. कला चालू ठेवणारी घरं मोजकी आहेत. कोविडच्या दोन वर्षांत खेळ बंद, सहली बंद, तेव्हा लोककलावंतांचे जे हाल झाले ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. कथा सांगण्याची जुनी बोली, मधली गाणी, ही तर चित्रांपेक्षाही नाजूक. चित्राची नक्कल करता येते. चार तास तोंडपाठ कथा सांगणारा म्हातारा गेला की ती पोथी मुकी होते. केळकर संग्रहालयातल्या, लंडनच्या संग्रहालयातल्या सगळ्या पोथ्या अशाच मुक्या आहेत. रंग उत्तम राखले आहेत, हवामान नियंत्रित आहे, पण कुठल्या चित्रापाशी वीणा थांबायची आणि हुडूक वाजायचं, हे तिथल्या कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.

पैठणमध्ये कै. बाळासाहेब पाटील यांनी आयुष्यभर जमवलेल्या पुराणवस्तूंचं शासकीय संग्रहालय आहे. सातवाहनांची नाणी, मातीच्या मूर्ती पाहायला मुलांना जरूर न्यावं. नाथषष्ठीला लाखो वारकरी पैठणला येतात. त्या दिवसांत पिंगुळीची एक मंडळी बोलवून नाथांच्या गावात चित्रकथीची एक रात्र केली तर कसं होईल, असं मी दोन-तीन ठिकाणी बोलून पाहिलं आहे. ऐकून घेतात, चहा पाजतात. बघू.

आपल्या सोसायटीपुरतं मात्र थोडं ठरलं आहे. रौप्यमहोत्सवी वर्षाची सहल कोकणात न्यायची असं कार्यकारिणीच्या सभेत ठरलं, तेव्हा मी कुडाळ-पिंगुळीचा मुक्काम सुचवला आणि तो मान्य झाला. तारखा दिवाळीनंतरच्या आहेत. तेव्हा पाऊस थांबलेला असतो आणि देवळांतले कार्यक्रमही सुरू असतात. मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, सावंतवाडीची लाकडी खेळणी हे सगळं होईलच. गुढीपूरच्या अंगणात मात्र अर्ध्या तासाचा खेळ नको, पूर्ण एक कथा ऐकू, असं मी सांगून ठेवलं आहे. ज्येष्ठांसाठी बसायला खुर्च्या आणि सोबत जाड सतरंजी घ्यायची. नावं सचिवांकडे नोंदवावीत, मोबाइल पिशवीत ठेवण्याची तयारी असेल त्यांनी आधी.